पहिल्या नऊ तारखांची माणसं

कोपनहेगन, १२ जानेवारी

ती. बाबांस,
मारेनचा सा. न. वि. वि.

शेजारच्या डोर्थेकाकूंचा फोन आला होता. बँकेची लेमविगची शाखा बंद झाल्यापासून तुम्ही घराबाहेर पडत नाही, दुपार झाली तरी पडदे ओढलेलेच असतात, असं म्हणत होत्या. चहाडी करत नव्हत्या, काळजी करत होत्या. मीही करते. आई गेली तेव्हा निदान सकाळी आवरून बँकेत जायचं असायचं. आता तेही नाही, आणि मला तुमच्याबद्दल भीती वाटते.

म्हणून मी नोकरीच्या जाहिराती वाचून काढल्या. पेन्शन फंड असो की विमा कंपनी, सगळ्यांना एकच हवंय: डेटाबेसमधून हवी ती माहिती काढायला एसक्यूएल, ती निवडून साफसूफ करायला पायथन, आणि शेवटी आलेख काढून साहेबाला त्याच्या भाषेत समजावणं. हे शेवटचं तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं जमतं. घरकर्ज म्हणजे काय हे अर्ध्या गावाला तुम्हीच समजावलंय. बाकीचं माझं रोजचंच काम आहे, ते मी शिकवते. फोनवर मी घाई करते म्हणता ना, मग पत्रानं शिकवते. पहिला धडा सोबत आहे. नाही म्हणू नका.

तुमची,
मारेन

लेमविग, २० मार्च

चि. मारेनला अनेक आशीर्वाद.

तुझे सगळे धडे पोचले. शिक्षिका कडक आहे आणि अक्षर गचाळ. होल्स्टेब्रोला संगणकाच्या वर्गातही जातो. तिथली पोरं माझ्या निम्म्या वयाची. परवा माझा पायथनचा प्रोग्रॅम थांबेचना, एकच ओळ छापत सुटला. शेजारच्या मुलीनं हसत सांगितलं की, थांबायचं कधी हे मी त्याला सांगितलंच नव्हतं. माझ्या गप्पांबद्दल तुझी आई असंच काहीतरी म्हणायची.

एसक्यूएल मात्र आवडलं. दोन तक्ते एका समान रकान्यावरून जोडायचे आणि इकडचा माणूस तिकडे बरोबर सापडायचा, याची मला अजून मौज वाटते. आर्हूसच्या एका पेन्शन फंडात मुलाखत झाली. लोने नावाच्या बाई होत्या. माझ्या वयाबद्दल चकार शब्द काढला नाही, घरी सोडवायला परीक्षा दिली. एका तक्त्यात सभासद, दुसऱ्यात ज्यांचा जोडीदार वारला त्यांचे नागरिक क्रमांक. यातल्या कुणाची पेन्शन सुरू व्हायची राहिली ते शोधायचं. माणसं सगळी कल्पित. माझं उत्तर सोबत आहे, बघून दे.

मला ही नोकरी हवी आहे, मारेन. काही हवंसं वाटून बरेच दिवस झाले होते.

तुझा,
बाबा

कोपनहेगन, २५ मार्च

ती. बाबांस सा. न.

घाईत चार ओळी. उत्तर बारकाईनं तपासलं, चूक नाही. आलेख तर माझ्या ऑफिसात टांगावा इतका सुबक. फक्त अहवालात ‘आदरपूर्वक’ तीनदा आलंय, एकदा पुरे. बिनधास्त पाठवा.

तुमची,
मारेन

लेमविग, २ एप्रिल

चि. मारेनला आशीर्वाद.

परीक्षा पाठवली आणि दुसऱ्या दिवशी काळ्या पावावर हेरिंग मासा घेऊन निवांत बसलो. माझी एक खोड तुला ठाऊक नाही. यादी कसलीही असो, त्यात तुझ्या आईच्या जन्मतारखेचं, चार मार्चचं, कुणी आहे का ते मी बघतो. बँकेतही बघायचो. सापडलं की उगाच बरं वाटतं. या यादीत कुणी नव्हतं. मग नीट बघितलं, तर कुठल्याच महिन्याच्या पहिल्या नऊ तारखांना जन्मलेलं कुणी नव्हतं.

आपला नागरिक क्रमांक जन्मतारखेनं सुरू होतो, त्यामुळे या माणसांचा शून्यानं. एका तक्त्यातला क्रमांक संगणकानं आकडा समजून वाचला आणि सुरुवातीचा शून्य बिनकामाचा म्हणून टाकून दिला. दुसऱ्या तक्त्यात तो शाबूत होता. दोन्ही जुळेनात, आणि तेवढी माणसं गुपचूप गळाली.

माणसं कल्पित होती, कबूल. पण खरी असती तर ती घरी वाट बघत बसली असती आणि मी आदरपूर्वक लिहिलं असतं की कुणी राहिलेलं नाही. मी लोनेबाईंना चूक कळवली आणि दुरुस्त यादी पाठवली. मुदत संपून गेली होती. नोकरी गेली असं समज. वाईट वाटतंय, चांगलंच वाटतंय.

तुझा,
बाबा

कोपनहेगन, ६ एप्रिल

ती. बाबांस सा. न.

तुमचं पत्र वाचून रडले. क्रमांक तसा वाचून घ्यायला मीच शिकवलं, आणि चूक नाही असंही मीच लिहिलं. तुमच्या जागी मी असते तर गप्प बसले असते. याची लाज वाटते, आणि तुम्ही माझे बाबा आहात याचा फार आनंद होतो. चार मार्चचं मला कधीच कळलं नव्हतं. आईला ठाऊक होतं का?

नोकरीचं काहीही होवो, ईस्टरला मी घरी येते आहे.

तुमची,
मारेन

लेमविग, १९ एप्रिल

चि. मारेनला पोटभर आशीर्वाद.

ईस्टरला तू होतीस तेव्हा सांगण्यासारखं काही नव्हतं, आता आहे. आज लोनेबाईंचा फोन आला. माझ्यापेक्षा भराभर काम करणारे पुष्कळ आले होते, हे त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. मला अजून खूप शिकावं लागेल, हेही सांगितलं. मग म्हणाल्या, तुमचं ते दुसरं पत्र मी आमच्या सगळ्यांना वाचून दाखवलं, सोमवारपासून या.

आर्हूसला एक खोली बघितली आहे, दर शुक्रवारी घरी परतायचं. आठवड्यातले इतके दिवस घर रिकामं राहणार म्हणून वाईट वाटतं. आईच्या फुलझाडांना डोर्थे पाणी घालणार आहे. आणि नाही, आईला ठाऊक नव्हतं. कळलं असतं तर तिनं गावभर चिडवलं असतं मला, आणि एकटी असताना डोळे पुसले असते.

खरं सांगू का, मी घाबरलोय. गेलं वर्षभर घाबरतच होतो, पण कशाला ते मला सांगता येत नव्हतं. आता येतं. सोमवारला.

धडे थांबवू नकोस, आणि या म्हाताऱ्या विद्यार्थ्यावरची माया आहे तशीच राहू दे.

तुझा,
बाबा