सातव्या व्याख्यानाचा अहवाल

तीर्थरूप मावशीस, बाकावर बसल्या बसल्या जेवढं वाकता येतं तेवढं वाकून नमस्कार.

गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम करतेस, की त्यांनाच दोन गोष्टी सुनावून परत पाठवतेस? फोनवर विचारलं असतं, पण फोनवर तू "बरी आहे" म्हणतेस आणि ठेवून देतेस. मला आज जे सांगायचंय ते तेवढ्यात मावणारं नाही. शिवाय मी विभागप्रमुखांच्या खोलीबाहेर बसलोय, आत मूल्यांकन समिती बसलीय, आणि इथे फोनवर बोललं तर आत ऐकू जातं. म्हणून हे पत्र. कागद आमच्या चर्चासत्राच्या पत्रिकेचा पाठकोरा आहे, तेवढं चालवून घे.

तुला ठाऊकच आहे, राज्यशास्त्र विभागात मी गेली नऊ वर्षं हंगामी आहे. आंब्याचासुद्धा एवढा लांब हंगाम नसतो. यंदा मात्र प्रमुखांनी शब्द दिला, की वर्षाची सात पाहुण्यांची व्याख्यानं तू पार पाड, समितीसमोर तुला उभा करतो आणि कायम करून घेतो. (प्रमुखांना आम्ही 'सर्वानुमते' म्हणतो. ते एकटेच ठरवतात आणि इतिवृत्तात सर्वानुमते लिहितात.) समितीला सातच लागतात, सहाला गुण नाहीत. सहा पदरात पडली होती. सातवे पाहुणे एक निवृत्त राजदूत होते, काल साडेअकराला.

आता आमची एक रीत सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. आमच्याकडे व्याख्यानाचा अहवाल व्याख्यानाच्या आधी लिहितात. हसू नकोस. वरचं कार्यालय अहवाल सकाळी दहालाच घेतं, नंतर नेला की 'उद्या या' म्हणतं, आणि उद्या गेलं की 'काल का नाही आलात' म्हणतं. तेव्हा कुणीतरी शहाण्याने आदल्या दिवशी लिहून ठेवायची युक्ती काढली, आणि आता ते काम माझ्याकडे आहे. माझा हात चांगला बसलाय. वक्त्यांनी तीन मुद्दे मांडले, एक किस्सा सांगितला (कंसात हशा), एका विद्यार्थिनीने मार्मिक प्रश्न विचारला, वक्त्यांनी समर्पक उत्तर दिलं. पाहुणा कुणीही असो, एवढं होतंच.

काल दहा वाजता अहवाल पोचवला. अकराला राजदूतांचा निरोप आला, की पाठ धरलीय, अंथरुणातून उठता येत नाही. माझ्या तोंडचं पाणी पळालं. सर्वानुमते मात्र शांत. म्हणाले, अहवाल गेलाय, तेव्हा व्याख्यान झालं पाहिजे. तातडीची बैठक झाली. राज्यघटना शिकवणारे कलमवाले म्हणाले, पाहुणा याची व्याख्या कुठे केलीय ते आधी बघू. शांतताबाई (युद्ध आणि शांतता हा त्यांचा विषय, शांततेच्या बाजूने त्या सगळ्यांशी भांडून आहेत) म्हणाल्या, ज्याने लिहिलंय त्यानेच बोलावं. माझ्या नऊ वर्षांत प्रथमच एका ठरावावर विभागाचं खरोखर एकमत झालं, आणि तो ठराव म्हणजे मी.

साठ विद्यार्थी बसले होते, आणि साठही मला रोज बघतात. सर्वानुमते त्यांना सांगून आले, की गप्प बसलात तर दोन तासांची हजेरी लावतो. इथवर घरचं प्रकरण होतं, निभलं असतं. पण मी व्यासपीठावर चढलो आणि दार उघडून समितीच्या अध्यक्षबाई आत आल्या. त्या आज यायच्या होत्या. एक दिवस आधी, न कळवता. तिसऱ्या रांगेत बसल्या, पिशवीतून माझा अहवाल काढला (कार्यालयाने त्यांना लगेच दिला, आमचं कार्यालय आयुष्यात एकदाच लगेच काही देतं, ते असं), आणि पेन्सिलीला टोक केलं.

सर्वानुमतेंना परिचय वाचणं भागच होतं. चौतीस वर्षांची राजनैतिक सेवा असं लिहिलं होतं. मी छत्तीसचा. त्यांनी 'प्रदीर्घ' म्हणून वेळ मारून नेली. बाईंनी माझ्या केसांकडे बघितलं आणि काहीतरी लिहिलं. मग मी बोलायला लागलो. मावशी, आपणच लिहिलेलं ओळीबरहुकूम बोलणं यासारखी शिक्षा नाही. पहिला मुद्दा झाला, बाईंची खूण. दुसरा झाला, खूण. मग किस्सा. मी दर वर्षी पहिल्याच तासाला सांगतो तोच मला आठवला. सभागृह ढिम्म. बाईंची पेन्सिल 'हशा'वर येऊन थांबली. माझी नऊ वर्षं डोळ्यांसमोरून गेली, आणि तेवढ्यात मागून शांतताबाई हसल्या. एकट्याच, खदखदून, सेवेत पहिल्यांदा. बाईंनी खूण केली.

प्रश्न विचारायला एक मुलगी पढवून ठेवली होती, पण ती घाबरून गप्पच. उठली दुसरी, उशिरा आलेली, जिला बिचारीला कुणी काहीच सांगितलं नव्हतं. म्हणाली, "सर, पाहुणे कधी येणारेत?" मला तेव्हा जमीन दुभंगायला हवी होती, पण सभागृह दुसऱ्या मजल्यावर आहे. मी म्हणालो, हाच लोकशाहीपुढचा मूलभूत प्रश्न आहे, आणि खाली बसलो. बाईंनी 'मार्मिक प्रश्न'वर खूण केली आणि 'समर्पक उत्तर'वरही. चेहऱ्यावर रेषा हलली नाही. त्यांना कळलंय की नाही, हे आम्हा कुणालाच कळलेलं नाही.

आणि आज मुलाखती. समितीपुढे मी स्वतः उभा राहिल्याशिवाय कायम होत नाही, आणि उभा राहिलो तर त्यांच्या लेखी मी कालचा राजदूत. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. सर्वानुमतेंनी तोडगा काढला, की मिशी काढ. काढली. आज सकाळी शिपायाने लगेच ओळखून विचारलं, घरी सगळं बरं ना? कलमवाले आत गेलेत. शांतताबाई शेजारी बसून तिरक्या डोळ्यांनी हे वाचताहेत, तेव्हा त्यांच्याविषयीचं उरलेलं त्या आत गेल्यावर लिहीन. बाकी सर्व क्षेम. गुडघ्याला जप.

तुझा,
भाचा

ता. क. कलमवाले बाहेर आले. चष्मा पुसताहेत, पण चष्मा स्वच्छ आहे. म्हणाले, बाईंनी सातही अहवाल पुढ्यात घेतलेत आणि एकेका पाहुण्याचा फोन नंबर मागताहेत. तेव्हा आता सांगतोच. तिसरं व्याख्यान तुझं होतं. शिक्षिका म्हणून तुला बोलवायचं नक्की केलं, अहवाल लिहिला, तो गेला, आणि त्याच दिवशी तुझी गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरली. अहवाल परत मागायला मी गेलो नाही. त्यात लिहिलंय, की वक्त्या, म्हणजे तू, सलग दीड तास उभ्या राहून बोलल्या. विषय, सार्वजनिक जीवनातील सचोटी. तुला फोन आला तर फक्त 'हो' म्हण. जास्त बोलूच नकोस, नाहीतरी फोनवर तू बोलत नाहीस.

ता. क. दुसरा. शांतताबाई आत गेल्यात. आतून कुणाचा आवाज येत नाही, म्हणजे परिस्थिती गंभीर आहे. मघाचं पुन्हा वाचलं आणि शरम वाटली. ज्या बाईने पोटच्या पोरासारख्या भाच्याला दोन गुणांनी नापास केलं आणि संध्याकाळी त्याच्याच ताटात वाढलं, तिला मी काय लिहितोय? 'हो' म्हणू नकोस. मघाचं खोडतो. नाव पुकारलं. तू इथे असायला हवी होतीस.

ता. क. तिसरा. झालं. बाईंनी एकच विचारलं, काल कोण बोललं? मी म्हणालो, मी. आणि तिसरं व्याख्यान झालंच नाही, हेही न विचारताच सांगितलं. सर्वानुमतेंचा पाण्याचा पेला लवंडला. बाई बराच वेळ अहवाल उलटत राहिल्या. म्हणाल्या, काल प्रश्न विचारणाऱ्या मुलीला गुण द्या. सातवं त्यांनी माझ्या नावावर मांडलं, दुसरा मुद्दा चुकीचा असल्याच्या शेऱ्यासह. तिसरं महिन्याभरात खरोखर व्हायला हवं, त्या स्वतः ऐकायला येणार, तोवर मला कायम करण्याचा कागद त्यांच्याकडे राहणार. म्हणजे माझी नऊ वर्षं तुझ्या गुडघ्यावर येऊन टेकलीत. बारा तारीख, अकरा वाजता. लिफ्ट नाही, पण तुला खुर्चीसकट वर न्यायला कलमवाले आणि शांतताबाई तयार आहेत, फक्त पुढे कोण आणि मागे कोण यावर चर्चा चालू आहे. जुना अहवाल मी फाडला. नवा अजून लिहिलेला नाही. तू आलीस तर बोलशील ते लिहीन, आणि नाही आलीस तर आली नाही असं लिहीन.