काजळीखालचा चाळीस

४ ऑगस्ट

ती. आत्यास सा. न.

बाबांची अट तुला ठाऊकच आहे. आजोबांच्या गाडीचं इंजिन मी चालू केलं, तर ते मी सोडलेल्या कॉलेजचं नाव काढणार नाहीत. इंजिनाचा ब्लॉक, म्हणजे सिलिंडरचा ठोकळा, फुकट घालवला, तर मी मुकाट परत बाकावर. तर ऐक, काल घालवलाच होता.

जुना पिस्टन वरच्या तोंडाशी मापला आणि ठरवून टाकलं, की इंजिन मूळ मापाचंच आहे. झिजलेले सिलिंडर कापून मोठे करायचे आणि एक माप मोठे, वीस नंबरचे, म्हणजे मूळपेक्षा वीस हजारांश इंच जास्त घेराचे पिस्टन मागवायचे. ज्यांच्याकडे सिलिंडर कापायला नेलेत, त्या लेथवाल्यांची मुलगी म्हणाली, पिस्टन वर निमुळता असतो, माप खालच्या घेराला घ्यायचं. मी तडकलो. मापं मलाही येतात, म्हणत मागणीची चिठ्ठी तिच्यापुढे आपटली. ती रॉकेलचा बोळा घेऊन पिस्टनच्या डोक्यावरची काजळी पुसत बसली. खालून आकडा निघाला, चाळीस! सिलिंडर कधीच चाळीसला कापलेला. माझे वीसचे त्यात विहिरीत दगड पडावा तसे पडले असते. आता फक्त साठ उरलेत. त्यापुढे कापलं, तर भिंतच राहत नाही.

आत्या, असे हात मी कॉलेजात अडीच वर्षांत पाहिले नाहीत.

लोभ आहेच, जरा जास्त लागेल.
भडकू

११ ऑगस्ट

चि. भडकूस अनेक आशीर्वाद.

पत्र इंजिनाचं म्हणून उघडलं, निघालं भलतंच. तिची माफी मागितलीस का? ते बरं लिहायचं राहिलं! तुझे बाबा परवा विचारत होते, कार्टं वेळेवर जेवतं का. हे मी तुला कळवलेलं नाही, असं समज.

डोकं थंड ठेव, जीव लावणारी आहेच.
आत्या

२ सप्टेंबर

ती. आत्यास सा. न.

माफी मागितली. तिने हातात मापायचा मायक्रोमीटर दिला, तेवढंच.

साठचे दोन संच मिळाले, घेर तंतोतंत सारखा. चकचकीत संच मी उचललाच होता, पण यावेळी थांबलो. पिस्टन ज्या पिनवर अडकतो, तिच्या भोकापासून डोक्यापर्यंतची उंची जुन्याशी ताडून पाहिली. चकचकीत संच उंच भरला. वर जाऊन सिलिंडरच्या झाकणावर, हेडवरच आदळला असता. ती हाताची घडी घालून उभी होती. मी दुसरा संच पुढे केला, तेव्हा कुठे हसली. मग प्रत्येक पिस्टन मापून, त्याच्या त्याच्या मापाने तिने सिलिंडर कापले.

काल इंजिन पहिल्या झटक्याला सुरू झालं. बाबा बॉनेटवर हात ठेवून बराच वेळ ऐकत राहिले. मग विचारलं, पिस्टन कोणी निवडले. मी म्हणणार होतो, मी. पण सांगितलं, की मी चुकत होतो, हिने अडवलं. बाबा तिला म्हणाले, या पोराने कोणाचं तरी ऐकलेलं मी पहिल्यांदाच पाहतोय. कॉलेजचं नाव निघालं नाही.

पहिली फेरी बाबांनीच मारली. पुढच्या सीटवर तिला बसवलं. मी मागे, मांडीवर तो चाळीसवाला पिस्टन घेऊन. आत्या, आमच्या गाडीत मागची सीट इतकी चांगली आहे, हे मला माहीतच नव्हतं.

आता तूच एकदा येऊन बघ, गाडीही.
तुझाच, जरा कमी भडकू