सातव्या खोलीची दुपारची गोळी

सोमवार, ता. ३
वही नवी, पेन नवं, नोकरीही नवी. वृद्धाश्रमाची इमारत बैठी आहे. एकच लांब व्हरांडा, तेवीस खोल्या, मध्यभागी सिस्टरचं टेबल. मला स्वयंपाकघरामागची खोली मिळाली. खिडकीतून बाग दिसते. मी नववीत शाळा सोडली, पण मामाच्या दुकानात सहा वर्षं संगणक दुरुस्त केले, हे मोठ्या सिस्टरना पुरेसं वाटलं. इथे सगळं त्यांच्या शब्दावर चालतं. जेवताना स्वयंपाकीमामा म्हणाले, इथे साठीच्या आतले आपण चौघंच, दोघी सिस्टर, तू आणि मी, तेव्हा चावायला लागेल असं काही शिजवलं की ते तुझ्याच ताटात.

काम असं आहे. टेबलावरच्या संगणकात सगळ्यांच्या औषधांचा तक्ता आहे. ठरल्या वेळी घंटी वाजते, पडद्यावर खोली आणि औषध दिसतं, मोठ्या किंवा धाकट्या सिस्टर औषध देऊन येतात आणि 'दिले' दाबतात. कागदी वही केव्हाच बंद झाली. पण संगणकाची प्रणाली जुनी झाली आहे, सहावी आवृत्ती. ती दहावीवर न्यायची. थेट उडी मारली तर नव्या प्रणालीला जुनी माहिती वाचताच येत नाही. सातवी, आठवी, नववी, अशी एकेक पायरी चढायची.

बुधवार, ता. ५
सातवी आवृत्ती चढली. प्रत्येक पायरीला पाच कामं, त्यांची यादी मी कागदावर आखून टेबलाशेजारी चिकटवली आहे. तक्त्याची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेणे. ती प्रत उघडून पाहणे. नवी आवृत्ती चढवणे. संगणक बंद करून सुरू करणे. तक्ता आधीच छापून घेतलेल्या कागदाशी ओळ न् ओळ ताडून पाहणे.

सातव्या खोलीतल्या बाई काठी टेकत यादी बघायला आल्या. चाळीस वर्षं शिक्षिका होत्या. अक्षर चांगलं आहे, म्हणाल्या, आणि खुणा करायला मला स्वतःची लाल पेन्सिल दिली. एकच अट घातली : आधी काम, मग खूण. वर्गात निम्मी मुलं उलटं करायची आणि मला ते त्यांच्या लाल झालेल्या कानांवरून कळायचं, असंही म्हणाल्या. मी नकळत कानाला हात लावला. खूप हसल्या.

शुक्रवार, ता. ७
आठवी चढली. दोन्ही प्रती उघडून पाहिल्या, व्यवस्थित आहेत. ताडायला अडीच तास लागले. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, तुझं होईपर्यंत यातली निम्मी नावं आपोआप कमी होतील. स्वयंपाकीमामांनी माझं नाव कासवराव ठेवलं. जेवायला बसलेले सगळे हसले. मीही हसलो, पण ताट अर्धं टाकून उठलो. बाई तेवढ्या म्हणाल्या, सावकाश कर रे, आम्हाला कुठे गाडी पकडायची आहे.

सोमवार, ता. १०
नववी चढली, आणि तीसुद्धा जेवणाच्या आत. मोठ्या सिस्टर घड्याळ बघत शेजारी उभ्या होत्या. तिसरी प्रत घेतली. उघडून पाहायची राहिली, पण आधीच्या दोन नीट होत्या, म्हणून खूण केली. ताडताना पहिल्या सहा खोल्या तंतोतंत जुळल्या. पुढच्याही जुळणारच. खूण केली. मोठ्या सिस्टर सगळ्यांसमोर म्हणाल्या, कासवाला पाय फुटले. बरं वाटलं.

बुधवार, ता. १२
दुपारी बाई व्हरांड्यात बसल्या होत्या. दोन वाजता हृदयाची गोळी असते ती सोमवारपासून आली नाही, असं म्हणाल्या. तक्रारीचा सूर नव्हता. पाऊस आला नाही म्हणावं, तसं. मोठ्या सिस्टर चार पावलांवर औषधांचं कपाट लावत होत्या. मी म्हणालो, डॉक्टरांनी बंद केली असेल.
बाई म्हणाल्या, बरं झालं, एक कमी झाली.
त्यांनी माझ्या कानांकडे पाहिलं का? नसेल पाहिलं. सिस्टर टेबलावरून उठल्या की तक्ता बघायचा आहे.

गुरुवार, ता. १३
टेबल रिकामं मिळालं नाही. खरं लिहायचं तर दुपारी दहा मिनिटं मिळालं होतं. त्या वेळात मी पडद्यावरची धूळ पुसली.

शुक्रवार, ता. १४
बाई गेल्या. दुपारी दोनच्या सुमारास, खुर्चीत बसल्या बसल्या.
सगळे सातव्या खोलीत असताना मी तक्ता उघडला. सहा खोल्या बरोबर. सातव्या खोलीची दुपारची ओळ नाही. मी जिथे ताडणं थांबवलं, तिथली पुढचीच ओळ.
तिसरी प्रत उघडेचना, खराब आहे. दुसऱ्या प्रतीत ओळ होती. तिथून उचलून परत घातली. सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार, चारही दिवसांपुढे 'दिले' केलं. डॉक्टरांनी तक्ता पाहिला, मान हलवली, सही केली. वय झालं होतं, म्हणाले. मोठ्या सिस्टरनी माझ्या पाठीवर हात ठेवला. तुझा जीव होता ना रे त्यांच्यावर.

सोमवार, ता. १७
दहावी चढली. पाचही कामं केली, सगळ्या खोल्या दोनदा ताडल्या. बाईंचं नाव मोठ्या सिस्टरनी शनिवारीच काढलं होतं. ते नाही हे मी डोळ्यांनी पाहिलं.
दुपारी दोनला घंटी वाजली. खोली सात. हृदयाची गोळी. सिस्टर वैतागून 'दिले' दाबू लागल्या, दाबलं जाईना. पाच मिनिटं वाजत राहिली.

मंगळवार, ता. १८
बाईंची ओळ परत आलेली दिसली, तीनदा काढली. दोनला घंटी.
यादीवर नवव्या आवृत्तीपुढच्या दोन खुणा नाहीत. प्रत उघडून पाहणे, ओळ न् ओळ ताडणे. खोडलेल्या नाहीत. कागद तिथे कोरा आहे. लाल पेन्सिलीने पुन्हा केल्या. चहा पिऊन आलो तर पुन्हा कोरा.

गुरुवार, ता. २०
सातव्या खोलीत नवे आजोबा आले. शिंपी होते. मला बघताच म्हणाले, शर्ट कुणी शिवला, त्याला माझ्याकडे पाठव, त्याचे कान उपटतो. त्यांना दोनला रक्तदाबाची गोळी आहे. सिस्टरनी ओळ घातली, मी पाहिली.
दोनला घंटी वाजली नाही. मला हायसं वाटलं. हायसं वाटलं, हे लिहायलाही लाज वाटते.

शुक्रवार, ता. २१
शिंपीकाका म्हणाले, दुपारची गोळी दोन दिवस आली नाही रे.
तक्ता पाहिला. त्यांच्या नावापुढे 'दिले'. कालचं, आजचं. उद्याचं आणि परवाचंसुद्धा. चार. माझेच चार.
मोठ्या सिस्टरना म्हणालो, काकांना गोळी मिळालेली नाही. त्या म्हणाल्या, संगणक म्हणतो दिली, धाकटीनेच दिली असेल. म्हाताऱ्यांना आठवत नाही. दोनदा देऊन मारू का?
मी म्हणायला हवं होतं, हे 'दिले' खोटे आहेत. कशावरून, असं त्यांनी विचारलं असतं.

शनिवार, ता. २२
काकांचे पाय सुजले आहेत. ओळ काढली, नवी घातली. पुन्हा तेच चार. उद्या सांगतो. सकाळीच.

रविवार, ता. २३
नाही सांगितलं. दोनदा गेलो टेबलापर्यंत —
काका आज शर्टाबद्दल काही बोलले नाहीत. झोपूनच होते.
दुसरी प्रत चांगली आहे. आठवी चढवण्याआधीची, ओळ न् ओळ ताडलेली. सगळं तिथे परत नेलं तर कुणाला काही सांगायला नको. तेव्हा माझं काहीच चुकलेलं नव्हतं.

सोमवार, ता. २४
दीड वाजता दुसरी प्रत परत चढवली. झालं. पडद्यावर तारीख ७ — बदलत नाही.
तेवीस खोल्या. सातव्या खोलीपुढे बाईंचं नाव. काकांचं कुठेच नाही —

दोन. घंटी.
काठी. व्हरांड्याच्या टोकापासून. सावकाश —

टेबलासमोर बाई उभ्या आहेत. आज तरी आली का रे गोळी, विचारताहेत. मोठ्या सिस्टर शेजारीच आहेत, त्यांना बाई दिसत नाहीत. सिस्टर मला म्हणताहेत, काय लिहितोयस, कुणाकडे बघतोयस.
बाईंना सांगितलं तर सिस्टरना ऐकू जाईल. नाही सांगितलं तर काका —
बाई माझ्या कानांकडे बघताहेत.
लिहून ठेवतो, मग तेच मोठ्याने वाचतो. बाई, डॉक्टरांनी बंद केली नव्हती. ती मी —