शालूताईचे डोहाळे

॥ श्री बालाजी प्रसन्न ॥
देऊळगाव राजा
१० नोव्हेंबर १९६३

चि. सौ. प्रतिमा हिस आईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

जावईबापू रमाकांतरावांचं कार्ड पोचलं. तुला पाचवा लागला हे वाचून तुझ्या बाबांनी शाळेच्या शिपायालासुद्धा पेढा दिला. पण पुढे हे काय वाचते मी? दवाखान्यात गर्भारणींवर नव्या औषधाची परीक्षा चालली आहे आणि तू त्यात नाव घालणार? माझी पोर काय पाटी आहे, कुणीही येऊन गिरवावं? शेजारच्या गोजरबाई सांगत होत्या की असल्या गोळ्यांनी मूल काळं होतं. त्यांचं सोड, पण मलाही भीती वाटते.

पहिलं बाळंतपण माहेरचंच. सातव्यात नीळकंठदादा तुला न्यायला येईल. तुझी शालूताई बाळंतपणात गेली, त्यानंतर ती खोली मी सारवली नव्हती. कालच सारवली.

विहीणबाईंना नमस्कार. जपून राहा आणि माझं ऐक.

तुझी,
आई

खामगाव
१६ नोव्हेंबर १९६३

ती. सौ. आईस प्रतिमाचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

गोजरबाईंना सांग, मूल काळं झालं तर ते आईवर गेलं म्हणायचं! बोहल्यावर मला पाहून त्याच काय म्हणाल्या होत्या, ते विसरले नाही मी.

अजून सही केलेली नाही. डॉक्टरीणबाईंनी सगळं नीट सांगितलं. अर्ध्याजणींना नेहमीच्या लोहाच्या गोळ्या आणि अर्ध्याजणींना त्यासोबत आणखी एक औषध. कुणाला काय मिळतंय ते खुद्द बाईंनाही ठाऊक नसतं. वाटलं तर कधीही सोडा म्हणाल्या, औषधपाणी बंद होणार नाही. फक्त दर आठवड्याला रक्त तपासायचं, म्हणून बाळंतपण इथेच. बाईंनी सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या की मले काय इचारता, पहिलटकरीण हाये, तिच्या आईले इचारा.

बाईंनी विचारलं, माती खावीशी वाटते का. मी नाही म्हटलं, आणि एकदम शालूताई आठवली. चुलीमागे बसून भाजलेल्या मातीचे खडे खायची. एक माझ्या हातावर ठेवून ओठांवर बोट ठेवायची. हसली की हिरड्या पांढऱ्याफटक दिसायच्या. बाईंना हे सांगितलं. त्या म्हणाल्या की अंगात रक्त फार कमी झालं की काहीजणींना माती खावीशी वाटते. आई, आपण त्याला डोहाळे म्हणत होतो गं.

तू हो म्हणालीस तरच सही करीन. बाबांना नमस्कार. रागावलीस तरी माया कमी करू नकोस.

तुझी,
प्रतिमा

देऊळगाव राजा
२८ नोव्हेंबर १९६३

चि. सौ. प्रतिमास अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

आठ दिवस हातात लेखणी धरवली नाही. ती माती मीच आणत होते. पोळ्याचे बैल करून उरलेली, चाळून, भाजून तिच्या पदरात घालायची. बायकांना कौतुकानं सांगायची की माझ्या शालूला पावसाच्या वासाचे डोहाळे लागलेत. किती गोड दिवस होते ते! तुझे बाबा म्हणतात की तेव्हा कुणाला ठाऊक होतं. खरं आहे, पण हात माझे होते.

तू सही कर. कुठली गोळी मिळायची ती मिळो. दर आठवड्याला कुणीतरी जाणतं माणूस तुझं रक्त बघणार आहे. शालूजवळ रोज मीच होते आणि मला काही दिसलं नाही.

आपल्यात लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी पीत नाहीत. माझी आई मला भेटायला बैलगाडीनं यायची, भर उन्हात ओसरीवर बसायची आणि तशीच कोरड्या घशानं परत जायची. मी तांब्या भरून उभी राहायची. तेव्हा मला तिचा अभिमान वाटायचा.

सातव्यात तू येऊ नकोस, मी येते. विहीणबाईंना सांग, बाळंतपण होईपर्यंत मुक्काम आहे. आणि दारात आले की पाय धुवायच्या आधी मला प्यायला पाणी दे.

तुम्हा सर्वांचा लोभ आहेच, तो असाच राहू दे.

तुझी,
आई