हात ऐकत नाहीत

तीर्थरूप आईस,
लांबूनच पाया पडते. मी बरी आहे, वेळेवर जेवते. बाबांचा गुडघा आता कसा आहे?

दहा वर्षं पंधरा जणींचं रग्बी खेळले, आता तेरा जणींचं खेळते. तिथे समोरचीला पाडलं की चेंडूसाठी झोंबायचं. इथे पाडलं की सोडून लगेच मागे सरायचं. डोक्याला कळतं, हात ऐकत नाहीत.

शनिवारी नव्या संघाकडून माझा पहिला सामना होता, शेवटपर्यंत बरोबरीत. शेवटच्या मिनिटाला मी एकीला पाडलं आणि सवयीने चेंडू ओढला. शिट्टी वाजली, त्यांना पेनल्टी मिळाली, आम्ही हरलो.

मी कोचबाईंना म्हटलं, "मी जुन्या संघात परत जाते."

"जा की," त्या म्हणाल्या. "पण तुझ्यासारखं पाडणारी माझ्याकडे दुसरी नाही. फक्त सोडायला शीक."

खरं सांगू? जुन्या संघाने माझी जागा कधीच भरली आहे. शनिवारपासून एका जागी बसवत नाही. खोलीतसुद्धा येरझाऱ्या घालते.

आज सरावात वीसदा पाडलं, एकोणीसदा सोडलं. विसाव्या वेळी हात पुन्हा चेंडूकडे गेलेच; कोचबाई हसल्या, मलाही हसू आलं. उद्या पुन्हा सामना आहे.

हरल्याचं बाबांना कळू देऊ नकोस, तेवढं सांभाळ.

तुझी,
हट्टी धाकटी