गाऱ्हाण्यात गेलेली जागा

हळर्ण, पेडणे
९ जून २०२४

ती. पद्मावती आत्येस सेजलचा सा. न. वि. वि.

फोनवर माणसं बोलत नाहीत, नुसती हं हं करतात, म्हणून पत्रच लिही, ही तुझी ताकीद मी बाबांना ऐकवली. ते हं म्हणाले.

बी.एड. होऊन वर्ष झालं. घरात मला अजून टीचर म्हणतात, पण हल्ली त्यापुढे दुधावर लक्ष ठेव हेही असतं. गेल्या महिन्यात तीन मुलाखती दिल्या. पहिल्या शाळेला पाच वर्षांचा अनुभव हवा होता. नोकरीशिवाय तो कुठे मिळतो, असं मी नम्रपणे विचारलं, तर तो आगाऊपणा ठरला. दुसऱ्या शाळेत डेमो पाठाला मुलंच नव्हती, सुट्टी होती. मग व्यवस्थापनाचे चार काका बाकांवर बसले आणि मी त्यांना अपूर्णांक शिकवले. एकाला झोप लागली, एकाला शेवटपर्यंत छेद कळला नाही, आणि जागा तिसऱ्याच्या भाचीला गेली. तिसऱ्या शाळेत गाता येतं का, नाचता येतं का, संमेलनाला पडदे रंगवता येतात का, सगळं विचारलं. शिकवता येतं का, हे विचारायचं राहून गेलं.

आता बाबांनी मुदत घातली आहे. गणपतीच्या चवथीपर्यंत शाळेत नोकरी मिळाली नाही, तर मोपाच्या विमानतळावर अत्तराच्या दुकानात उभं राहायचं. त्यांच्या ओळखीच्या माणसाने जागा धरून ठेवली आहे. आत्या, थट्टा बाजूला ठेवून सांगते, मला शिकवायचंच आहे. त्या चार काकांपुढेसुद्धा हातात खडू होता म्हणून बरं वाटत होतं. माझी मैत्रीण सुविधा, तिचीही हीच गत. वर्गात एका बाकावर होतो, आता बेकारीतही.

तुझा लोभ आहेच, त्याला जोडून एखादी जागा असली तर तीही कळव.

तुझी,
सेजल

---

डिचोली
१८ जून २०२४

चि. सेजल हिस आत्येचे अ. उ. आ.

पत्र पावलं. अक्षर सुवाच्य आहे, म्हणजे बी.एड. अगदीच पाण्यात गेलं नाही.

आता नीट वाच. यशवंत नावाचा माझा एक जुना विद्यार्थी आहे. वर्गात एका जागी कधी बसला नाही, म्हणून आता इथल्याच एका शाळेचा मॅनेजर आहे. त्याच्या शाळेतली एक बाई निवृत्त होते आहे. जागा कायमची, सरकारी अनुदानातली. जाहिरात तो अशा पेपरात, अशा कोपऱ्यात देणार आहे की छापणाऱ्यालाही दिसू नये. बोभाटा झाला की वरून फोन येतात आणि फोनवाल्याला घ्यावं लागतं, असं त्याचं म्हणणं. भाचीला पाठवा, पाठ बघतो, चांगला झाला तर घेतो, असं त्याने मला सांगितलं आहे.

हा वशिला आहे का? आहे. पण परीक्षा घेऊन दिलेला वशिला आहे. आपल्याकडे एवढं सोवळं पुष्कळ झालं. कोणाला सांगू नकोस. वहिनीला सांगितल्याशिवाय तुला राहवणार नाही, तर तिच्या तोंडावर बोट ठेवून सांग.

बाबाजीला माझे आशीर्वाद. अत्तराची घाई करू नको म्हणावं.

तुझी आत्या

---

हळर्ण
३० जून २०२४

ती. आत्येस सा. न. वि. वि.

आईला तोंडावर बोट ठेवूनच सांगितलं. तिने खरंच कोणाला सांगितलं नाही. फक्त देवाला सांगितलं.

मला न विचारता ती देवळात कौल लावायला गेली. आपला गुरव विठू कसा आहे ते तुला ठाऊकच. देवाला ऐकू कमी येतं अशा समजुतीने गाऱ्हाणं घालतो. त्यात भजनासाठी लावलेला माईक चालू राहिला होता. बा देवा म्हाराजा, तुझ्या बाबाजीच्या लेकीक डिचोलीच्या अमुक शाळेत, निवृत्त होतंय त्या बाईच्या जागेर, कायमची नोकरी मिळां दी, असं त्याने शाळेच्या नावासकट अख्ख्या गावाला ऐकवलं, आणि जमलेल्यांनी व्हय म्हाराजा म्हटलं. देवाच्या अंगावरची उजवी पाकळी पडली, म्हणजे होकार. आई नाचत घरी आली.

दुसऱ्या दिवशी देवळाबाहेर बी.एड.वाल्यांच्या चपलाच चपला. सगळ्यांचा कौल एकाच जागेसाठी, आणि देवाने सगळ्यांना उजवा दिला. त्याला तरी नाही म्हणवेना. मी आईवर ओरडले, तर देवाक सांगल्याशिवाय काय जातां काय, असं मलाच विचारून ती भात वेळून पेज काढायला गेली.

सुविधा अंगणात कपडे वाळत घालत होती, तिने तिथूनच ऐकलं. मी तिच्यापासून जागा लपवली, हे तिला फार लागलं. मलाही वाईट वाटलं. पण आत्या, जागा एक होती.

तू रागावणार हे धरूनच लिहिलं आहे. राग ओसरला की उरेल तो लोभ माझा.

सेजल

---

डिचोली
११ जुलै २०२४

चि. सेजल हिस अ. उ. आ.

रागावून काय करू? देवाला साक्षीदार बरेच असतात, एवढं वहिनीला सांग.

मुलाखतीची रांग शाळेच्या पायऱ्यांपासून बसथांब्यापर्यंत मी स्वतः पाहिली. पेडणे, सत्तरी तालुक्यांतली सगळी पोरं फाइली घेऊन उन्हात उभी. तुझा पाठ सगळ्यात चांगला झाला, हे यशवंतनेच मला सांगितलं. पण तेवढी डोकी दारात बघून त्याच्या डोक्यात वेगळंच गणित सुरू झालं. कायमची जागा त्याने खात्याकडे विचारासाठी पाठवून दिली आणि तोवर लेक्चर बेसिसवर, म्हणजे तासाच्या भावाने, शिकवायला कोण येतं ते बोला, असं फाटकातच जाहीर केलं. सुट्टीत पगार नाही, आजारपणात नाही. संध्याकाळी चहाला आला तेव्हा मी त्याला पूर्वीसारखा उभा केला. उभा राहिला, मान खाली घातली, आणि जाताना अजून कोणी ओळखीत आहे का म्हणून विचारून गेला.

पण त्या दिवशी तुम्ही सगळ्याजणी माझ्या बाल्कांवात, पुढच्या ओट्यावर, पाणी प्यायला आलात आणि एका नारळावर हात ठेवून शपथ घेतलीत, की कायमच्या जागेपेक्षा कमीवर कोणी जायचं नाही, ते बघून मला खरोखर अभिमान वाटला. निवडणुकीआधी उमेदवार पक्ष न सोडण्याची शपथ नारळावरच घेतात आणि पुढे काय होतं ते आपण बघतोच. तुम्ही तशा नाहीत. कोणीच गेलं नाही तर शाळा रिकाम्या फळ्यावर चालणार आहे का? झक मारत जागा काढेल. थोडी कळ काढा.

तू आणि सुविधा पुन्हा बोलायला लागलात, हे सगळ्यात चांगलं झालं. माझा लोभ यंदा तुम्हा दोघींना वाटून.

तुझी आत्या

---

हळर्ण
२५ जुलै २०२४

ती. आत्येस सा. न.

वि. वि. लिहायचं धाडस होत नाही. विशेष आहे, पण चांगलं नाही.

बाबांनी अत्तराच्या दुकानाचा कोट आणला. मापाला घालून बघितला, बरोबर बसला. तो बरोबर बसला याचीच मला भीती वाटली. दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने डिचोलीला आले. तुझ्या घरावरून जाऊ नये म्हणून बाजाराच्या मागून वळसा घेतला. यशवंत सरांनी खुर्ची दिली, मी सही केली. पेन परत ठेवते आहे तर दारात सुविधा. तीही बाजाराच्या मागूनच आली होती.

आम्ही एकमेकींकडे बघितलं आणि दोघींनी मान खाली घातली. सर मात्र अजिबात दचकले नाहीत. उलट आनंदले, आणि त्यांनी तिथल्या तिथे आठवडा मधोमध कापला. सोमवार ते बुधवार मी, गुरुवार ते शनिवार ती. जिन्यात शपथेतल्या आणखी दोघी भेटल्या. त्यांनी मला वरची खोली कुठली ते विचारलं आणि मी सांगितलं.

वर्गात मुलं थोडी आहेत. बरीचशी कारखान्यांत काम करणाऱ्या कोल्हापूर-बेळगावकडच्या माणसांची. मी फळ्यावर तारीख लिहिली, मागे वळले, आणि सगळी एकदम उठून नमस्ते बाई म्हणाली. मला रडू आलं. आनंदाने आलं गं, त्याचीच लाज वाटते.

आई गावभर पेढे वाटते आहे. सुविधाच्या घरीही देऊन आली. तिथूनही तिला पेढेच मिळाले. आम्ही दोघी अजून बोललेलो नाही, आणि आता शाळेत बोलायला एकही समाईक दिवस उरलेला नाही.

लोभ पूर्वीसारखा राहू दे, असं लिहायला हात धजत नाही. अर्धा ठेवलास तरी चालेल. अर्ध्यावर भागवायची आम्हाला सवय झाली आहे.

तुझी,
सेजल
(सोमवार ते बुधवार)