फोटोवरचा हार

श्रीगोंदा

चि. करुणा,
सप्रेम जय भीम.

जर्मनीला नीट पोचलात का? मैत्रीला ताप तर आला नाही ना? विचारायचा हक्क मला राहिला नाही, तरी विचारतो.

कोर्टानं पोरगी तुझ्या हवाली केली, तेव्हा ती माझ्यामागं लपली आणि म्हणाली, "आजोबा, मम्मी हार काढून आली?" तू ओरडलीस, "मी मेले असं हिला कोणी सांगितलं?" प्रशांतनं मान खाली घातली. पोटचा पोरगा माझ्यापायी बोलणी खात होता आणि मी गप्प उभा राहिलो.

सांगितलं मी. प्रशांतनं महिन्याच्या सुट्टीला म्हणून तिला इकडं आणलं आणि परत पाठवलंच नाही. चार वर्षांची पोर. दारात गाडी थांबली की "मम्मी आली" म्हणून पळायची. मला बघवेना. बाजारातून प्लास्टिकचा हार आणला आणि तुझ्या फोटोला घातला. आठ दिवस रडली, मग पळायची थांबली. दोन वर्षं मला वाटलं, बरं झालं.

निघताना तुझ्या गाडीत बसून तिनं मला हळूच विचारलं, "आजोबा, आता तुमच्या फोटोला पण हार घालायचा ना?" गाडी गेली.

तुझा पत्ता प्रशांतकडे आहे, पण तो माझ्याशी बोलत नाही. हे पत्र पाठवू तरी कुठं? करुणा, तिला एवढं सांग की आजोबा जिवंत आहेत. तुझ्याबद्दल मी तिला एवढंच सांगायला हवं होतं.

तुझा अपराधी,
जालिंदर